‘हॅपी’चं माहेर

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीज होऊन गेली होती, फराळाचे डबे निम्म्यावर आले होते आणि माझी धाकटी बहीण तिच्या लेकीला घेऊन दोन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. लेक म्हणजे माझी भाची. लग्नाला सहा वर्षं झालेली, चार वर्षांचा मुलगा, पुण्याला स्वतःचा फ्लॅट. दुपारची जेवणं उरकून आम्ही तिघी स्वयंपाकघरातच बसलो होतो. बहीण मेथी निवडत होती. मी उरलेल्या भाजणीचं थालीपीठ करावं की आणखी एक घाणा चकल्या, या विवंचनेत. आणि भाची एकदम म्हणाली, "मावशी, आय ॲम नॉट हॅपी."

बहिणीच्या हातातली जुडी हातातच राहिली. "म्हणजे? काय कमी आहे तुला?" आणि तिने बोटं मोडायला सुरुवात केली. नवरा निर्व्यसनी. पगार वेळेवर. सासूबाई गावाला, त्यांचा जाच नाही. पोटी गोजिरवाणा मुलगा. कामाला दोन बायका. पाच बोटं संपली, दुसरा हात घेतला.

"कमी काहीच नाही गं आई. तेच तर म्हणतेय मी," भाची म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

‘काय कमी आहे तुला?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. मैत्रिणींनो, खरं सांगा, विचारलेलाही आहे! मीही विचारलाय. पण त्या दुपारी मला वेगळीच गोष्ट खटकली. ही मुलगी मराठी शाळेत शिकलेली, घरात चोवीस तास मराठी बोलणारी. मग एवढं मनातलं सांगताना तिने इंग्रजीचा आडोसा का घेतला?

विचार करता करता लक्षात आलं, की तिला दुसरी वाटच नव्हती. ‘मी सुखी नाही’ असं ती म्हणाली असती, तर आम्ही दोघींनी लगेच चौकशी मांडली असती: जावई काही बोलले का, सासूने फोनवरून काही लावून दिलं का? ‘सुखी नाही’ ही आपल्याकडे तक्रार असते, आणि तक्रार म्हटली की आरोपी लागतो. ‘आनंदी नाही’ म्हणाली असती, तर म्हटलं असतं, राहा चार दिवस, येईल मनाला तरतरी. ‘समाधानी नाही’ म्हणाली असती, तर दोष तिचाच; हल्लीच्या मुलींना कशानेच समाधान नाही! ‘हॅपी’ हा शब्द या तिन्हींच्या मधल्या फटीतून अलगद बाहेर आला होता.

मी एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘हॅपी’त पी दोन, हे सांगून सांगून घसा कोरडा केला. पण हा शब्द आला कुठून, त्याचं मूळ काय, हे मुलींना सांगणं राहूद्या, स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. सेवानिवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी एक जाडजूड इंग्रजी व्युत्पत्तिकोश भेट दिला होता. इतकी वर्षं त्याचा उपयोग पापडांवर वजन ठेवायला होत होता. तो पुसून घेतला आणि बसले.

नशीबवान बाई

कोशात पहिलाच धक्का बसला. ‘हॅपी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आनंदी’ नाहीच. मूळ शब्द आहे ‘हॅप’. हॅप म्हणजे योगायोग, नशीब, जे आपसूक घडून येतं ते. ‘लक’पासून ‘लकी’ होतं, तसं ‘हॅप’पासून ‘हॅपी’ झालं. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा ‘हॅपी’ माणूस म्हणजे ज्याच्या वाट्याला बरं दान पडलंय तो, म्हणजे आपल्या भाषेत नशीबवान. त्याच्या मनात काय चाललंय, तो रात्री उशी भिजवतो का, याच्याशी त्या शब्दाला मुळात फारसं कर्तव्य नव्हतं.

याच ‘हॅप’चं सगळं गोत पाहा. ‘हॅपन’ म्हणजे घडणं: नशिबात आलं, घडलं. ‘परहॅप्स’ म्हणजे कदाचित, योग असेल तर. ‘मिसहॅप’ म्हणजे नशिबाचा फासा उलटा पडला, अपघात झाला. ‘हॅपलेस’ म्हणजे कमनशिबी. आणि ‘हॅपहॅझर्ड’, जो शब्द मी वर्षानुवर्षं मुलींच्या वह्यांवर लाल शाईने लिहीत आले, त्यातला ‘हॅझर्ड’ हा तर चक्क फाशांचा एक जुना खेळ! सगळी भावंडं नशिबाची. मनाचं नाव त्यांतल्या एकानेही काढलेलं नाही.

आणि मग मला हसू आलं. माझ्या बहिणीला इंग्रजी बेताचंच येतं. पण त्या दुपारी लेकीच्या ‘हॅपी’ शब्दाचा जो अर्थ तिने घेतला, तो चौदाव्या शतकातला अस्सल अर्थ होता. निर्व्यसनी नवरा, फ्लॅट, मुलगा: दान सगळं बरं पडलेलं. मग ‘हॅपी’ नाही कशी? भाची बोलत होती आजचं इंग्रजी आणि आई ऐकत होती सहाशे वर्षांपूर्वीचं. त्यातून दोघींचं भांडण.

एकाच जहाजातून

बरं, हा ‘हॅप’ इंग्रजांचा स्वतःचाही नव्हे. तो आला समुद्रापलीकडून, व्हायकिंग लोकांबरोबर. हे लोक आजच्या नॉर्वे-डेन्मार्कच्या बाजूचे. इ. स. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, आणि पुढे लूटमार चालूच राहिली. पण नवव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतले पुष्कळसे उत्तर आणि पूर्व इंग्लंडात जमिनी घेऊन राहिले. शेजार झाला, सोयरिकी झाल्या, आणि शेजारणीकडून वाटीभर साखर यावी तसे शब्द इंग्रजांच्या घरात आले.

काय काय आलं ते ऐकाल तर तुम्हीही थक्क व्हाल. ‘एग’ म्हणजे अंडं त्यांचं. ‘नाइफ’ म्हणजे सुरी त्यांची. ‘केक’ही त्यांचाच. म्हणजे आज आपल्या घराघरांतून वाढदिवसाला जो सोहळा होतो, त्यातला केक, केकमधलं अंडं, कापायची सुरी आणि वरचा ‘हॅपी’, सगळं व्हायकिंगांच्या शब्दांचं! ‘विंडो’सुद्धा त्यांची, तिचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. आपल्याकडे खिडकीला जुना शब्द ‘गवाक्ष’, म्हणजे गाईचा डोळा. हे मला फार आवडलं. कुठले ते, कुठले आपण, पण भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावंसं दोघांनाही वाटलं.

आणि याच मंडळींकडून इंग्रजीत आलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘हजबंड’. त्यांच्या भाषेत ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘बोंडी’ म्हणजे घर करून राहणारा, जमीन कसणारा. अगदी आपला ‘घरधनी’! लग्नाशी त्याचा तसा संबंध नव्हता. ‘बायकोचा नवरा’ हा अर्थ मागाहून आला. ‘वाइफ’ मात्र इंग्रजांची जुनी, घरचीच. आणि ‘अँगर’ हाही शब्द याच लोकांचा. मुळात त्याचा अर्थ दुःख, जाच. राग हा अर्थ नंतरचा.

रात्री गाद्या घातल्यावर मी हे सांगितलं तेव्हा भाची कितीतरी वेळाने हसली. "म्हणजे मावशी, हॅपी, हजबंड आणि अँगर एकाच जहाजातून आले?" म्हटलं, हो बाई, एकाच.

जाता जाता एक सांगते. शुभेच्छांमधला ‘हॅपी’ अजूनही त्या जुन्या अर्थाला चिकटून आहे. ‘हॅपी न्यू इयर’ म्हणताना वर्षाने काही हसरा चेहरा करून बसावं असं आपल्याला म्हणायचं नसतं; वर्ष लाभो, असं म्हणायचं असतं. हा ‘हॅपी’ म्हणजे आपला ‘शुभ’. त्या वाढदिवसाच्या गाण्याची कथाही बायकांचीच आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावी पॅटी हिल आणि मिल्ड्रेड हिल या दोघी बहिणी. पॅटी बालवाडीतल्या मुलांची शिक्षिका, मिल्ड्रेड संगीताची जाणकार. वर्गात सकाळी मुलांनी म्हणायला म्हणून त्यांनी ‘गुड मॉर्निंग टू ऑल’ हे सोपं गाणं रचलं, ते १८९३ मध्ये पुस्तकात छापून आलं. त्याच चालीवर पुढे वाढदिवसाचे शब्द बसले. या शब्दांवर हक्क सांगून एका कंपनीने वर्षानुवर्षं पैसे घेतले. अखेर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो हक्क खरा नाही असा निकाल दिला. बालवाडीच्या बाईंची चाल, आणि पैसे भलत्याच्याच गल्ल्यात!

फळणारं झाड

मला वाटलं होतं, नशिबावरून सुखाला नाव द्यायची खोड एकट्या इंग्रजीची असेल. पण नाही. जर्मन भाषेत ‘ग्ल्यूक’ म्हणजे नशीबही आणि सुखही, एकाच शब्दात दोन्ही. फ्रेंचांचा ‘बॉनर’ म्हणजे मुळात ‘चांगला शकुन’. ग्रीकांच्या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्या पाठीशी भला देव आहे तो’. रशियन भाषेतला ‘श्चास्त्ये’ तर आपल्याला फारच जवळचा: त्यातला मुख्य भाग म्हणजे ‘वाटा’, आणि पुढची मात्रा आपल्या ‘सु’ची सख्खी बहीण. सु अधिक भाग, चांगला वाटा. म्हणजे अक्षरशः सौभाग्यच की!

इंग्रजीत सुखाला एक भारदस्त शब्द आहे, ‘फेलिसिटी’. तो आला लॅटिनमधून, ‘फेलिक्स’पासून. रोमन लोक फळणाऱ्या झाडाला फेलिक्स म्हणत. नंतर ज्याचं सगळं फळाला येतं तो भाग्यवान माणूसही फेलिक्स. सुल्ला नावाच्या त्यांच्या सेनापतीने तर ही पदवीच आपल्या नावामागे लावली. पण शब्दाचं मूळ आणखी खोल जातं. ज्या धातूपासून तो झाला त्याचा अर्थ आहे दूध पाजणं, अंगावर पिणं. लॅटिनमध्ये स्त्रीला ‘फेमिना’ म्हणतात, तो शब्द त्याच धातूचा. आणि आपल्या संस्कृतात त्याच धातूची लेक कोण, माहीत आहे? धेनू! दूध देणारी ती धेनू. फेलिसिटी आणि धेनू या दूरच्या का होईना, पण रक्ताच्या बहिणी आहेत.

हे वाचून प्रथम मला भरून आलं. तान्ह्याला पाजताना जी गुंगी येते ती आठवली. पण मग दुसरं मनात आलं. फळेल ते झाड सुखी, तर न फळणाऱ्याचं काय? त्याला रोमन लोक उलटा शब्द वापरत, तोच पुढे ‘दुर्दैवी’ या अर्थाने रूढ झाला. आपल्याकडे अशा बाईला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते लिहायला नको. आपल्या शेजारपाजारी, नात्यागोत्यात एखादी असतेच. सुखाचा शब्द असा एका गोष्टीला खुंटीला बांधला, की बाकीच्या बायका त्या शब्दाबाहेर राहतात.

आपल्या ‘सौभाग्या’चं तरी दुसरं काय झालं? सु आणि भग, म्हणजे चांगला वाटा. त्यात विद्या येईल, धन येईल, आरोग्य येईल, मैत्रिणी येतील. पण बाईच्या बाबतीत तो सगळा वाटा एका माणसाच्या हयातीत बसवला. तो आहे तोवर नावामागे ‘सौ.’, तो गेला की ते अक्षरही गेलं, हळदीकुंकवाचं बोलावणंही गेलं. इतकं, की २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे प्रकार बंद करण्याचा ग्रामपंचायतीत ठराव करावा लागला. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. एका शब्दाचा सांधा मोकळा करायला ठराव आणि परिपत्रक लागतं! इंग्रजी ‘हॅपी’ला निदान नवऱ्याच्या हयातीची अट नव्हती.

मग मनात कधी शिरला?

हळूहळू. शब्द काही एका रात्रीत घर बदलत नाहीत. नशीब बरं असलं की मनही बरं असतं, असं धरून माणसं बोलत राहिली, आणि बाहेरचा अर्थ आत झिरपत गेला. सोळाव्या शतकात ‘हॅपिनेस’ हे नाम वापरात आलं ते आधी सुदैव म्हणून. शतक संपता संपता मनाची प्रसन्न अवस्था हा अर्थ लोक सहज वापरू लागले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकसारखे विचारवंत म्हणू लागले, की माणूस सुखाच्या मागे जातो हा त्याचा स्वभावच आहे. म्हणजे सुख आता आभाळातून पडायचं राहिलं नव्हतं. ते मिळवायचं होतं.

आणि १७७६ साली तर ते थेट हक्कांच्या यादीतच जाऊन बसलं. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाला सोडचिठ्ठी दिली, त्या ४ जुलैच्या जाहीरनाम्यात जगणं, स्वातंत्र्य आणि सुखाच्या शोधाचा हक्क अशी तीन नावं शेजारी शेजारी आहेत. मसुदा थॉमस जेफर्सनचा. मसुदा समितीतले दुसरे एक सभासद होते जॉन ॲडम्स.

या ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल. नवरा फिलाडेल्फियाला राष्ट्र उभारतोय, आणि ही बाई ब्रेनट्री गावात मुलं, शेत, गडीमाणसं, हिशेब सगळं एकटीने रेटतेय. बोस्टनचा वेढा नुकताच उठलेला, सैनिकांनी घरांची नासधूस केलेली, देवीच्या साथीची धास्ती. अशात ३१ मार्च १७७६ रोजी तिने नवऱ्याला पत्र लिहिलं. त्यात घरच्या-दारच्या बातम्यांमध्येच तिने बजावलं: नवे कायदे करणारच आहात तर बायकांना विसरू नका, नवऱ्यांच्या हाती बेबंद सत्ता देऊ नका. जॉनरावांचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. त्यांनी लिहिलं, तुझी ही कायद्याची भाषा वाचून मला हसू आवरत नाही!

ते माणूस म्हणून वाईट नव्हते, बरं का. बायकोवर जीव होता, दोघांची शेकड्यांनी पत्रं आहेत. पण एप्रिलमध्ये बायकोला हसले आणि जुलैत ‘सर्व माणसं समान’ या कागदाला मान दिली. जेफर्सनच्या पदरी तर आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं. सुखाचा शोध घ्यायचा हक्क सगळ्यांना, पण शोधायला घराबाहेर पडायची मुभा मोजक्यांना.

माझी बहीण हे ऐकताना बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ते ‘हसू आवरत नाही’ मी ऐकलंय." कुणाकडून, ते मी विचारलं नाही. शिलाईचं मशीन घेण्याचा विषय तिने एकदा घरात काढला होता, हे मला माहीत आहे.

सदा सुखी ती वेडी

आणखी एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत ‘हॅपी’ येण्यापूर्वी सुखी माणसाला एक घरचा शब्द होता, ‘सीली’. भाग्यवान, देवाचा कृपाप्रसाद लाभलेला असा त्याचा अर्थ. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘झेलिश’ अजून त्याच थाटात आहे. इंग्रजीत मात्र त्याची उतरंड लागली. देवाचा लाडका म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून भोळा, भोळा म्हणून बिचारा, बिचारा म्हणून दुबळा, आणि अखेर मूर्ख. आज तो शब्द आहे ‘सिली’! म्हणजे वेडपट. आपल्याकडेही ‘भोळा’ म्हणताना आधी शंकर डोळ्यांसमोर येतो आणि मग शेजारची खुळी, तसंच.

सून घरात सदा हसतमुख असेल तर पहिलं वर्ष कौतुक होतं. तिसऱ्या वर्षी ‘तिला काही कळतच नाही’ असं होतं. ‘सीली’ची ‘सिली’ व्हायला इंग्रजीत काही शतकं लागली. आपल्या घरांत तेवढीसुद्धा लागत नाहीत.

शिडीची कोणती पायरी?

आजकाल ‘हॅपी’ हा हक्क राहिलेला नाही, तो जवळजवळ नियम झाला आहे. फोटो काढायचा तर हसा. स्टेटस टाकायचं तर हॅपी. २०१३ पासून दर २० मार्चला सुखाचा आंतरराष्ट्रीय दिवससुद्धा पाळतात. आणि जी हॅपी नसेल, तिचंच काहीतरी चुकलं असणार! पूर्वी नशिबाला बोल लावता येत होता; आता तीही सोय गेली. माझ्या मते भाचीच्या घशात अडकलं होतं ते हेच. दान चांगलं पडलंय म्हणून तक्रारीला जागा नाही, आणि मन रमत नाही म्हणून गुन्हेगारही आपणच. एकाच शब्दाच्या दोन अर्थांनी तिला दोन बाजूंनी धरलं होतं.

गंमत म्हणजे जगातल्या देशांचे सुखाचे क्रमांक लावणारा जो अहवाल २०१२ पासून निघतो, त्याच्या मुख्य प्रश्नात ‘हॅपी’ हा शब्दच नाही! ते विचारतात: अशी शिडी डोळ्यांसमोर आणा, खाली शून्य, वर दहा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने उत्तमात उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये ही शिडी मांडली. तिच्यावर फिनलंडची माणसं २०१८ ते २०२५ सलग आठ वेळा सगळ्यांच्या वर होती. त्या फिनलंडच्या भाषेत सुखाला शब्द आहे ‘ओन्नी’, आणि ‘ओन्नी’ म्हणजे नशीबसुद्धा. फिरून गाडी तिथेच!

"तुमच्या दृष्टीने, असं विचारतात?" भाचीने विचारलं.

"हो. तुमच्या दृष्टीने."

"आणि घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं?"

"प्रत्येकाला वेगवेगळं."

ती काही बोलली नाही. मुलगा झोपेत कुशीवर वळला, त्याचं पांघरूण तिने सारखं केलं. मग म्हणाली, "आपला शब्द सांग ना मावशी. सगळे परकेच सांगितलेस."

म्हटलं, आपल्या ‘सुखा’ची एक जुनी व्युत्पत्ती अशी सांगतात: सु म्हणजे चांगलं, ख म्हणजे छिद्र, चाकाच्या मधलं, ज्यात आस बसतो ते. ते भोक नीट असलं की रथ हिसके न देता चालतो. ऋग्वेदात सुख हे विशेषण रथालाच लावलेलं आहे. काही पंडितांना हे मान्य नाही, पण मला पटतं. आपण उगाच नाही म्हणत, संसाराचा गाडा! वरून गाडा रंगवलेला असेल, बैल धष्टपुष्ट असतील, पण आस घासत असेल तर ते आत बसलेल्यालाच कळतं. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला गाडा चाललेलाच दिसतो.

आणि ‘हर्ष’? त्याचा धातू म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं. इंग्रजीतला ‘हॉरर’ त्याच मुळाचा. अंगावर काटा आनंदानेही येतो आणि भीतीनेही. शब्दाला दोन्ही ठाऊक आहेत.

बहीण अंधारातून म्हणाली, "पुरे गं ताई आता, झोपा." पण ती स्वतः किती वेळ जागी होती, ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या एस. टी.ने गेल्या. जाताना मी भाजणीची पिशवी बांधून दिली. त्या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

तीन आठवड्यांनी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मटार किती महाग झालेत ते झालं. मग जरा थांबून म्हणाली, "काल रात्री तिला फोन केला होता. म्हटलं, कमी-जास्त राहूदे. सकाळी उठल्यापासून काय काय घडतं तुझ्याकडे, ते सांग. पहिल्यापासून सांग."

"मग?"

"सव्वा तास बोलत होती." त्या सव्वा तासात भाचीने काय सांगितलं, ते बहिणीने मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "गॅसवर दूध होतं. सगळं उतू गेलं, ताई. पण मी उठलेच नाही."